दिव्या विरुद्ध हम्पी: दोघीही भारताच्या, मग चाहत्यांना टेन्शन कसलं?

फायनलमध्ये दोन्ही बाजूंना भारताचीच खेळाडू असेल, तर कप भारतातच येणार. मग श्वास रोखून मॅच का बघायची? जुलै २०२५ मधल्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या फायनलने याचं उत्तर दिलं.

फायनलला दोन भारतीय कशा पोहोचल्या?

स्पर्धा होती जॉर्जियातल्या बातुमीत. हे आपल्या रत्नागिरीसारखंच समुद्रकाठचं शहर. सेमीफायनलमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने चीनच्या टॅन झोंगयीला, तर आंध्र प्रदेशच्या कोनेरू हम्पीने चीनच्याच लेई टिंगजीला हरवलं. हा विश्वचषक भारताला पहिल्यांदाच मिळणार, हे तिथेच पक्कं झालं. दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती, हम्पी ३८ वर्षांची.

सामना टायब्रेकपर्यंत कसा गेला?

२६ आणि २७ जुलैचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला टायब्रेक झाला. त्यात आधी रॅपिडचे दोन डाव असतात. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जास्तीचे मिळतात. तिथेही बरोबरी झाली, तर पुढच्या डावांची वेळ आणखी कमी होत जाते. टेनिसच्या पाचव्या सेटसारखंच हे. मागचं सगळं पुसलं जातं आणि एक चूक महागात पडते. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये नदाल आणि व्हर्डास्को हे दोन स्पॅनिश खेळाडू सेमीफायनलला ५ तास १४ मिनिटं झुंजले आणि मॅच संपली ती व्हर्डास्कोच्या डबल फॉल्टवर.

इथे पारडं कुणाचं जड होतं?

कागदावर हम्पीचं. ती २०१९ आणि २०२४ ची रॅपिड विश्वविजेती. पहिला रॅपिड डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात वेळ कमी उरला असताना तिच्याकडून चुका झाल्या आणि काळ्या सोंगट्या घेऊन खेळणारी दिव्या २.५-१.५ ने जिंकली. त्यानंतर आईला मिठी मारून रडणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

पणाला काय लागलं होतं?

ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. हा कप जिंकल्यामुळे दिव्याला तो किताब थेट मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर आणि हा मान मिळवणारी चौथी भारतीय महिला ठरली. यातली पहिली कोण? २००२ मध्ये ग्रँडमास्टर झालेली हम्पीच!

मग बाजू कुणाची घ्यायची?

अशा सामन्यात झेंडा बघून बाजू ठरवता येत नाही. कुणी आपल्या नागपूरची म्हणून दिव्याकडे जातं, तर कुणी इतकी वर्षं वाट दाखवणाऱ्या हम्पीकडे. देश हरणार नसतो, पण आपलंच एक माणूस हरणार असतं. टेन्शन येतं ते त्याचंच.