कुलाब्याच्या दरवाजावरील सकाळचें ऊन

समुद्रांतील किल्ल्याचें सूर्योदयाच्या वेळीं छायाचित्र घ्यावयाचें म्हटलें, कीं तटामागून वर येणारें लाल बिंब बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. अलिबागच्या वाळूंत उभें राहून तसलें चित्र कोणासही मिळावयाचें नाहीं. आपला समुद्र पश्चिमेस. सूर्य उगवतो तो आपल्या पाठीमागें, डोंगरांवरून. तटामागें तो मावळतो. परंतु हेंच सोयीचें आहे. सारा प्रकाश किल्ल्याच्या तोंडावर पडतो, आणि त्या तोंडावर पुष्कळ इतिहास वाचतां येतो.

कुलाबा किल्ल्याचें काम शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षीं, सुरू करविलें. संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. लांबी सुमारें ९०० फूट, बुरूज १७. तटाचे प्रचंड दगड चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली कीं पाणी फटींत शिरतें, तेथें त्याचा जोर मोडतो आणि तें निथळून जातें. दुपारच्या उन्हांत ही रचना दिसत नाहीं. तट एकसारखा काळा भासतो. सकाळचें तिरपें ऊन आलें, कीं प्रत्येक फटींत सांवली बसते आणि दगडन् दगड सुटा दिसूं लागतो. मुख्य दरवाजा ईशान्येकडे, अलिबागच्या बाजूस आहे. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येत असल्यामुळें दरवाजावरील ऊन अगदीं घसटून जातें, आणि तेथील कोरीव हत्ती व मोर दगडांतून उठून आल्यासारखे वाटतात. दोन-अडीच तासांत सूर्य दक्षिणेकडे सरकतो व दरवाजा काळवंडतो.

अडचण आहे ती पाण्याची. किल्ल्यास पायीं जावयाचें तें ओहोटीसच. पौर्णिमा-अमावास्येस येथें पुरी ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास असते, आणि पौषांत सूर्य सातनंतर वर येतो. म्हणजे ऊन येईपर्यंत भरती लागलेली असते. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून अधिक पुढें जाते. सबब द्वितीया-तृतीयेस जावें, म्हणजे ऊन आणि वाट दोन्ही मिळतात. हें कोळ्याच्या पोरासही ठाऊक असतें. मला नव्हतें.

एका पौष पौर्णिमेस शाळेचीं बावीस मुलें घेऊन मीं तो घोळ घातला. कॅमेरा उसना आणलेला, रीळ एकच, आणि उन्हासाठीं मी दरवाजाशीं अडून बसलों. आठ वाजून गेल्यावर मागें पाहिलें तों आलेली वाट पाण्याखालीं गेलेली. उधाणाचें पाणी फार वेगानें चढतें. मोठ्या मुलांच्या कमरेस लागलें. दोन लहानग्यांना, जाळीं टाकून धांवत आलेल्या कोळ्यांनीं खांद्यावर घेतलें. मुलें हंसत होतीं, तीं मास्तर घाबरले आहेत हें न कळल्यामुळें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

१७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या ठाण्यावर चाल केली आणि ती फसली. बाजीरावाच्या फौजेची मदत, शत्रूंचा आपसांतील बेबनाव, हीं कारणें मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों होतों, आणि तीं खरींच आहेत. परंतु दिवसांतून दोनदां आपण होऊन भरणारा हा खंदक मीं फळ्यावर कधीं काढला नव्हता. त्यानंतर मात्र किल्ल्याचा धडा आला, कीं आधीं तिथि आणि पाण्याची वेळ काढावयास लावीत असें.

त्या रिळांतील एकच चित्र चांगलें उठलें. दरवाजावर ऊन आहे, हत्ती स्पष्ट आहेत, उंबरठ्यापाशीं दोन मुलें बसलीं आहेत. आणि चित्राच्या अगदीं तळाशीं, खडकांमधून, बोटभर रुंदीची एक चकचकीत रेघ आंत येत आहे. कॅमेऱ्यांतून पाहतांना ती मला दिसली नव्हती.