विटाळ कोठे वसतो?

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभूमीत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात, तसे धर्मविचारही. १२ व्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांनी अंतरंगशुद्धी जन्माहून श्रेष्ठ मानली. हरळय्या व मधुवय्या या शरणांनी जातिबंध ओलांडून सोयरीक केली आणि त्यापायी प्राण गमावले, असे परंपरा सांगते.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामी अमलात, मेथॉडिस्ट मिशनरी या मुलुखात आले. मार्काच्या शुभवर्तमानातील ७ व्या अध्यायाचा आशय असा, की बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला विटाळवीत नाही. अंतःकरणातून निघणारे लोभ, कपट आणि गर्व हेच विटाळवितात. गावकुसाबाहेरच्या पुष्कळांनी हा धर्म स्वीकारला. आपल्या स्पर्शाने विटाळ होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्यांना ही शिकवण केवळ पारमार्थिक कशी वाटावी? पाप देहावरून उतरून हृदयात गेले, तेव्हा शिवाशीव पाळणाराच आरोपी ठरला.

तथापि जातिभेद पुढे ख्रिस्ती मंडळ्यांतही शिरला. तेव्हा हा निवाडा त्यांनाही चुकत नाही. धर्म बदलता येतो. अंतःकरण मात्र रोज धुवावे लागते, असे आम्हांस या भूमीचा इतिहास सांगतो.