वहीपुढची रांग

थोड्याशा गरम पाण्यात थंड तापमापक बुडवला की पाणीच किंचित निवते. मोजण्याच्या कृतीने मोजायची गोष्ट बदलते, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. संगणकाच्या इतिहासातही ही अडचण आली.

संगणकातील कामांची वाटणी करणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. काम कुठे रेंगाळते ते शोधण्यासाठी ती प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद ठेवू शकते. प्रोसेसर अनेक झाले आणि नोंदवही मात्र एकच ठेवली, तर काय होईल? समजा, चाळीस विद्यार्थी प्रयोग करीत आहेत आणि निरीक्षणे लिहायला वही एकच आहे. वहीपुढे रांग लागेल. नोंदी वाचणाऱ्याला वाटेल, मुलेच संथ आहेत. वास्तविक ती रांग वहीने लावलेली असते!

अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या वॉटसन संशोधन केंद्रात 'के४२' ही अनेक प्रोसेसरांसाठीची प्रायोगिक ऑपरेटिंग सिस्टिम तयार झाली. तिच्यातील नोंदपद्धती रॉबर्ट विस्नीव्स्की व ब्रायन रोझेनबर्ग यांनी २००३ साली मांडली. प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र वही दिली, म्हणजे रांग संपली. तरी एक अडचण उरतेच. एकाच प्रोसेसरवर एक काम नोंद लिहीत असता मध्येच दुसरे काम येऊन त्याच जागी लिहू शकते. यावर उपाय एस.टी.त रुमाल टाकून जागा धरण्यासारखा आहे : आधी जागा धरायची, मग लिहायचे. ही जागा एकाच अखंड आज्ञेने धरली जाते. 'मी पाहिलेली मोकळी जागा अजून मोकळी असेल, तरच ती माझी.' तसे नसेल तर घड्याळ पुन्हा पाहून नव्याने प्रयत्न करायचा. त्यामुळे वेळांचा क्रम बिघडत नाही आणि कुणी कुणासाठी थांबत नाही. जागा धरून लिहायचे राहून गेले, तर? प्रत्येक भागात प्रत्यक्ष किती लिहिले गेले याची मोजदाद ठेवली जाते. ती कमी भरली की उणीव कळते.

करीम याघमूर यांनी १९९९ साली सुरू केलेल्या 'लिनक्स ट्रेस टूलकिट'मध्ये हा विचार पुढे आला. त्याची नवी पिढी, 'एलटीटीएनजी', आजही वापरात आहे.

तापमापकाचा प्रयोग घेताना हे उदाहरण जरूर सांगावे. आकडा हाती आला की त्यात साधनाचा वाटा किती, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली पाहिजे.