भाग : पाठ फिरवण्याची किंमत – बाळापूरच्या छत्रीपासून दिल्ली दरबारापर्यंत

हेडफोन लावले असतील तर सुरू करू या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा पूर्ण भाग लिहून देतोय. बोलतानाची वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत, तेवढं समजून घ्या.

आजचा विषय शिष्टाचार. म्हणजे कोणासमोर किती वाकायचं, कोणाला काय द्यायचं, काय घ्यायचं आणि काय केलं की समोरच्याचा अपमान होतो. आशियातल्या जवळपास प्रत्येक समाजात याचे बारीक नियम आहेत. थायलंडमध्ये बुद्धमूर्तीकडे पाय करून बसत नाहीत. जपानमध्ये भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचत नाहीत, कारण तसा भात मृताला ठेवतात. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आजी लगेच टोकते, “जातो नाही रे, येतो म्हण.” कोणाला चुकून पाय लागला तर हात आपोआप कपाळाकडे जातो. हे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण मोडले की सगळ्यांना कळतं.

आमच्या कामात याला प्रोटोकॉल म्हणतात. दोन मशीन बोलायला लागण्याआधी एकमेकांना ठरलेले इशारे देतात. एकाने इशारा दिला आणि समोरून ठरलेलं उत्तर आलंच नाही, तर कनेक्शन होत नाही. आजची गोष्ट अशाच एका न आलेल्या उत्तराची आहे.

सुरुवात बाळापूरपासून

अकोल्याहून खामगावकडे निघालात की वाटेत बाळापूर लागतं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरचा किल्ला बहुतेकांनी बसच्या खिडकीतून तरी पाहिलेला असतो. गावाला नाव मिळालं ते बाळादेवीवरून. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड अकबराकडे सोपवावा लागला आणि बाळापूर मोगलांचं दक्षिणेतलं महत्त्वाचं ठाणं बनलं. बुऱ्हाणपूरहून खाली उतरणाऱ्या फौजा, शहजादे, सरदार या मुलखातून गेले. पुढे हेच गाव पागोट्यांसाठी आणि सतरंज्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. पागोट्याची गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

बाळापुरात नदीकाठी काळ्या दगडाची एक सुंदर छत्री आहे. कोरीव खांब, वर घुमट. लोक तिला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री म्हणतात. हो, तेच जयसिंग, ज्यांच्यामुळे पुरंदरचा तह झाला आणि ज्यांच्या शब्दावर शिवाजी महाराज आग्र्याला गेले. बरेच जण तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. पण आग्र्याच्या प्रसंगाची किंमत कोणी कोणी मोजली हे समजून घ्यायचं असेल, तर या नावापाशी थोडं थांबायला हवं.

खिलत म्हणजे नुसता कपडा नाही

आधी एक शब्द समजून घेऊ : खिलत. मूळ अरबी. अर्थ ‘अंगावरून उतरवलेलं’. राजाने स्वतःच्या अंगावरचं वस्त्र काढून दुसऱ्याला द्यायचं, म्हणजे स्वतःच्या मोठेपणाचा एक तुकडा त्याला द्यायचा, ही मूळ कल्पना. बगदादच्या खलिफांपासून मध्य आशिया, इराण आणि दिल्लीपर्यंत ही पद्धत चालत होती. पुढे राजा रोज किती कपडे उतरवणार? म्हणून खास कारखान्यांत पोशाख तयार होऊ लागले. पण राजाने स्वतः वापरलेल्या वस्त्राचा मान शेवटपर्यंत सगळ्यात मोठा राहिला.

मराठीत याला सिरपाव म्हणायचे, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. तो घेतला की तुम्ही देणाऱ्याला वरचा मानलं. तो मिळालाच नाही तर दरबारात तुमची जागा काय आहे हे सगळ्यांसमोर जाहीर झालं.

आणि हे काही मेलेलं प्रकरण नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही लग्नात जा. टोपी-दुपट्टा कोणाला आधी, शाल कोणाला, साधा कपडा कोणाला, यावरून अजूनही मामा किंवा जवाई मांडवातून उठून जातात. आपण हसतो, “दोनशे रुपयांच्या दुपट्ट्यासाठी रुसले बाप्पा!” पण ते दुपट्ट्यासाठी रुसलेले नसतात. आपली जागा चारचौघांत खाली सरकवली गेली, हे त्यांना झोंबलेलं असतं.

महाराजांना नियम माहीत नव्हते?

आग्र्याची गोष्ट सांगताना एक चूक हमखास होते. महाराज डोंगरातले, त्यांना दरबारी रीतीरिवाजांची सवय नव्हती, म्हणून ते चिडले, असं सांगितलं जातं. हे पटण्यासारखं नाही.

जून १६६५ मध्ये पुरंदरला तह झाला. त्यानंतर काही महिन्यांनी बादशहाचं फर्मान आणि खिलत आली. फर्मान आलं की ते घरात बसून घ्यायचं नसे. ज्याच्या नावाने आलंय त्याने पुढे चालत जाऊन ते स्वीकारायचं. जयसिंगांच्या सांगण्यावरून महाराज पायी पुढे गेले आणि सगळ्या रीतीने त्यांनी ते स्वीकारलं. म्हणजे हा माणूस ही भाषा नीट जाणत होता आणि गरज पडली तेव्हा त्याने ती वापरलीही होती.

आता १२ मे १६६६. आग्रा. औरंगजेबाचा चांद्र पंचांगाने पन्नासावा वाढदिवस. त्या दिवशी आग्र्यात असलेल्या परकालदासाने लिहिलेलं राजस्थानी पत्र आज उपलब्ध आहे, त्यामुळे आपल्याला बरेच तपशील कळतात. महाराजांनी १००० मोहरा आणि २००० रुपये नजर केले आणि ५००० रुपये निसार. निसार म्हणजे ओवाळून टाकणं. आपली आई दृष्ट काढते किंवा वरातीत नवरदेवावरून नोटा ओवाळतात, तीच कल्पना. म्हणजे इकडून सगळे इशारे बरोबर दिले गेले होते.

समोरून काय आलं? बादशहा एक शब्दही बोलला नाही. महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभं केलं. पुरंदरच्या तहात आठ-नऊ वर्षांच्या संभाजीराजांना ठरलेली मनसब पाच हजारीच होती, हे आठवा. बाप आणि लहान मुलगा एकाच पायरीवर. मग वाढदिवसाचा विडा वाटला गेला. तो महाराजांनाही मिळाला. त्यानंतर खिलती वाटल्या गेल्या : शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला. महाराजांना नाही.

इथे महाराजांचा संयम संपला. रामसिंग, म्हणजे जयसिंगांचा मुलगा, विचारायला आला तेव्हा त्यांनी मोठ्या आवाजात त्याला सुनावलं आणि सिंहासनाकडे पाठ करून चालू लागले. रामसिंगाने हात धरला, तो त्यांनी झिडकारला. बादशहाने नंतर तीन सरदारांबरोबर खिलत पाठवली. ती घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

मोगल दरबारात पाठ दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती. तिथे मान वाकवण्याचेही प्रकार होते. कुर्निसात म्हणजे उजवा तळहात कपाळाला लावून डोकं झुकवणं. तस्लीम म्हणजे हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून, हळूहळू उभं राहत तळहात डोक्यावर ठेवणं. निघतानाही तोंड सिंहासनाकडेच ठेवायचं. महाराजांना हे सगळं माहीत होतं, म्हणूनच त्यांच्या पाठ फिरवण्याला अर्थ आहे. ज्याला भाषाच येत नाही त्याची शिवी कोणी मनावर घेत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं का?

अजिबात नाही. १७९३ मध्ये ब्रिटिश वकील मॅकार्टनी चीनच्या छिएनलुंग बादशहाकडे गेला. तिथला नियम होता, तीन वेळा गुडघे टेकायचे आणि एकूण नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचं. मॅकार्टनी म्हणाला, मी माझ्या राजासमोर एकच गुडघा टेकतो, तेवढाच इथे टेकेन. यावर कित्येक दिवस घासाघीस चालली. १८१६ मध्ये अ‍ॅमहर्स्ट नावाचा दुसरा वकील गेला, तोही वाकायला तयार नव्हता, तर त्याला भेट न देताच परत पाठवलं.

गंमत बघा. चीनमध्ये मान झुकवायला तयार नसलेल्या याच इंग्रजांनी भारतात मात्र स्वतःचा दरबार भरवला. १२ डिसेंबर १९११, दिल्ली. पाचवे जॉर्ज सिंहासनावर. संस्थानिकांनी एकेक करून पुढे यायचं, वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं. निजामानंतर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले. अंगावर नेहमीचे राजदागिने नाहीत. एकदा वाकले, वळले आणि पाठ करून चालू लागले.

१६६६ मध्ये कॅमेरा नव्हता. १९११ मध्ये होता. ते दृश्य पडद्यावर लंडनमध्ये पोचलं आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी आरडाओरड केली. सयाजीरावांना व्हाइसरॉय हार्डिंगकडे लेखी दिलगिरी पाठवावी लागली. गडबडीत चूक झाली असं त्यांचं म्हणणं. ती चूक होती की नकार, यावर आजही वाद घालता येतो. इंग्रजांना मात्र त्यात नकारच दिसला, आणि रिळातली काही सेकंदं साम्राज्याला सहन झाली नाहीत.

मग छत्रीचं काय?

आता परत बाळापूरला. आग्र्यात महाराजांच्या वागण्याची हमी रामसिंगाने लेखी दिली होती. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज निसटले आणि हमी देणारा अडकला. रामसिंगाला दरबारबंदी झाली, मनसब गेली. बापाने दिलेला शब्द बादशहाने पाळला नाही आणि शिक्षा मुलाला झाली. जयसिंगांना दक्षिणेतून परत बोलावलं गेलं. आग्र्याला ते पोचलेच नाहीत. १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला.

मला जयसिंग नायक वाटत नाहीत. त्यांनीच स्वराज्याचे तेवीस किल्ले घेतले. पण शिष्टाचाराचा एक नियम त्यांना नक्की कळत होता : बोलावलेल्या पाहुण्याचा मान ही बोलावणाऱ्याची जबाबदारी असते. आग्र्याच्या दरबारात नेमका तोच नियम मोडला गेला, आणि तो मोडणारा सिंहासनावर बसलेला होता.

शेवटचा तपशील मला सगळ्यात जास्त आवडतो. ६ जून १६७४, रायगड, राज्याभिषेक. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन दरबारात वाकतो, नजराणा देतो. महाराजांचं लक्ष जातं, त्याला सिंहासनाजवळ बोलावलं जातं आणि सिरपाव दिला जातो. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी खिलत नाकारली, ते आता खिलत देत होते. आणि दूरच्या पाहुण्याचा मान कसा ठेवायचा हे त्या दरबाराला ठाऊक होतं. महाराजांनी रीतच फेकून दिली नाही, ती आपल्या हातात घेतली. राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तेही याच कामाचा भाग.

म्हणून पुढच्या वेळी लग्नात कोणी टोपी-दुपट्ट्यावरून रुसलं तर लगेच हसू नका. आधी विचारा, “काहून बा, काय झालं?” बहुतेक वेळा तेवढं विचारणं हाच आहेर असतो. आग्र्यात बादशहाने तेवढं एक वाक्य वेळेवर विचारलं नाही.

तुमच्या घरी किंवा गावात मानपानाचा असा कोणता नियम आहे, जो मोडला की भांडण ठरलेलंच? व्हॉइस मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात निवडक ऐकवतो. आणि बाळापूरला गेलात तर नुसता किल्ला बघून परत फिरू नका, नदीकाठच्या छत्रीपाशीही दोन मिनिटं उभे राहा. चला, येतो!