पटसंख्येतील घट : आर्थिक परिणाम

जिल्हा परिषद शाळेच्या पटावरची मुले कमी झाल्याने शाळेचे अनुदान, शिक्षकांची पदे आणि गावातला रोजगार यांवर होणारा परिणाम. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. जाफराबाद) आणि भोवतालच्या गावांतल्या शाळांनाही राज्यभराचेच निकष लागू आहेत.

पट एकेका मुलाने उतरतो, पैसा मात्र पायरीपायरीने. समग्र शिक्षा योजनेतून १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. पट १०० वर आला की २५ हजार. एक दाखला निघाला आणि वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छतागृह यांसाठीची निम्मी रक्कम गेली. खोल्या तेवढ्याच राहतात, गळणारे छतही तेवढेच.

पोषण आहाराचेही तसेच. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, २६ ते १०० मुलांना दोन. सव्विसावे मूल इंग्रजी शाळेच्या गाडीत बसले, तर खिचडी शिजवणाऱ्या दोन बायांपैकी एकीचे मानधन बंद होते. हा तोटा राज्याच्या हिशेबात फार लहान, तिच्या घरात फार मोठा.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. पट ६१ वरून ६० वर आला, तर संचमान्यतेत (पटानुसार होणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीत) एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते आणि पगार सुरूच राहतो. म्हणजे तिजोरीची बचत लगेच होत नाही. गावाचा शिक्षक मात्र लगेच जातो.

२०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक, म्हणजे शिक्षकामागे सरासरी सहा मुले. या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव शिक्षण विभागाने त्याच वर्षी मागवला. त्याला पालक व शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि तो रास्त होता : वाचलेल्या पैशातला बराचसा वाहतुकीवर जातो, आणि गाडी चुकली की सर्वांत आधी मुलीची शाळा सुटते.

पट स्थलांतरानेही उतरतो : जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास वर्गातून दिसेनाशी होतात. ती गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. दोन वेळचे जेवण आणि आजी-आजोबांजवळची झोपण्याची जागा एवढ्या खर्चात मूल शाळेत राहते, आणि त्याच्यासोबत पटही.