मोराचा दूत आणि त्याची वाट

स्वित्झर्लंडातील मोरा या तटबंदीच्या नगरापासून फ्रीबूर्गकडे जाणाऱ्या, तळ्याचा काठ मागे टाकून कुर्जव्हो गाव आणि शेतेकुरणे ओलांडीत चढणाऱ्या वाटेवर आज ऑक्टोबरच्या आरंभी सहस्रावधी धावपटू सुमारे 17 किलोमीटर धावतात. परंतु या प्रघाताचे मूळ क्रीडेत नसून रणांगणात आहे.

इ. स. 1476 च्या जून महिन्यात बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याने मोरा नगरास वेढा घातला असता आद्रियान फॉन बुबेनबेर्ग याने मूठभर शिबंदीनिशी कोट लढविला, आणि 22 जून रोजी मदतीस धावलेल्या स्विस संघराज्याच्या फौजेने बर्गंडीच्या सैन्याचा पुरता मोड केला. ही विजयवार्ता घेऊन एक दूत लिंडेन वृक्षाची फांदी हाती धरून धावत फ्रीबूर्गास पोहोचला, ‘विजय’ एवढेच उच्चारून गतप्राण झाला, आणि ती फांदी तेथे रोवताच तिचा वृक्ष झाला, अशी लोककथा आहे. कथा मॅरेथॉनच्या ग्रीक आख्यायिकेशी इतकी मिळतीजुळती आहे, की तिला दप्तरी पुराव्याचे मोल देता येत नाही.

मेरिए गावाजवळ या लढाईतील मृतांच्या अस्थी ठेवलेली वास्तू 1798 मध्ये फ्रेंच फौजेने नष्ट केली. त्या जागी 1823 मध्ये स्मारकस्तंभ उभा राहिला. पुढे 1933 मध्ये मोरा ते फ्रीबूर्ग या वाटेवर धावण्याची शर्यत सुरू झाली. दूत काल्पनिक असेल. त्याच्या नावाने चालत आलेला शिरस्ता मात्र खरा आहे.