तळटीप : टूल ‘डिफाइन’ करणे

* लेखकांनी हे एका ओळीत उरकले आहे, पण नवखा प्रोग्रामर घसरतो तो इथेच. टरेट पंचिंगच्या सॉफ्टवेअरला आपण भरून देऊ तेवढेच टूल कळते : आकार, माप, कोन, स्टेशन. लेखकांच्या तळोजा एमआयडीसीतल्या (ता. पनवेल) शॉपमध्ये इलेक्ट्रिक पॅनेलची दारे निघतात. पुशबटणाच्या २२.५ मिमी भोकाचा पंच ‘बी’ स्टेशनात जातो, कारण त्याची मर्यादा सुमारे ३१.७ मिमी, ‘ए’ची जेमतेम १२.७. गोल पंच कसाही फिरवून बसवला तरी चालतो. लांबट स्लॉटचा मात्र ० अंशाला नोंदवून ९० अंशाला बसवला, की पडद्यावर सगळे ठीक आणि पत्रा भंगारात! भोकाचे माप पंच ठरवतो. डाय त्याहून किंचित मोठी लागते. २ मिमीच्या साध्या पोलादी पत्र्याला हा एकूण फरक साधारण ०.४ मिमी ठेवतात. कमी ठेवला तर पंच लवकर झिजतो, वर येताना पत्र्यात अडकतो. जास्त झाला तर भोकाच्या काठाला बर येते. पत्र्याची जाडी बदलली की पंच तोच राहतो, डाय मात्र बदलावी लागते.